मायच्या हातांची साफ कॉपी

सडक अर्जुनी,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय रेणू,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुला धसका बसला असेल. आधीच सांगतो, घरी सगळे बरे आहेत. तुझ्या वहिनीची, गुंजनची, दाढ दुखते, तेवढंच. ती दाखवायला ती उद्या नागपूरला येते आहे. हे पत्र आणि सोबतचं खोकं तुझ्या हातात दिल्याशिवाय ती परत फिरणार नाही, असं तिनं मला बजावूनच सांगितलं आहे. धानाची कापणी आटोपली, चुरून दाणे काढणे बाकी आहे. मंडईच्या जत्रांचे दिवस असल्यामुळे रोज कुठल्या ना कुठल्या गावातून शूटिंगसाठी फोन येतो, पण या आठवड्यात मी एकही काम घेतलं नाही. सकाळपासून तीन कागद फाडले, हा चौथा आहे.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर मी तुझ्याशी खोटं बोलतो, रेणू. तू विचारतेस आणि माझ्या तोंडून आधी खोटं निघून जातं, मग मला कळतं. लिहिताना निदान हात थांबतो.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तुझा मेसेज आला होता. मागच्या वर्षी मायच्या तेरवीनंतर तू मागितलास म्हणून तुझ्या लग्नातला बिदाईचा तुकडा मी तुझ्या मोबाइलवर पाठवला होता, त्याबद्दल. तू लिहिलं होतंस, 'प्राची विचारून राहिली, आजी हातांनी काय सांगते आहे. मला तर हातांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. साफ कॉपी आहे का?' मी दोन मिनिटांत उत्तर दिलं, की मुळातच तसं आहे, संध्याकाळची वेळ होती, उजेड नव्हता. तू 'बरं' लिहिलंस आणि विषय संपला. तुझ्यासाठी संपला असेल. मी त्या दिवसापासून नीट जेवलो नाही. मुळात ते तसं नव्हतं. ते चौकोन मी केले.

नीट सांगतो, म्हणजे तुला काय झालं ते कळेल. तुझ्या लग्नाचं शूटिंग गोंदियाच्या नंदलालभाऊंकडे होतं आणि मी तेव्हा त्यांच्याच हाताखाली शिकत होतो, हे तुला आठवत असेल. बिदाईच्या वेळी ते जेवायला बसले होते, तुमची बोलेरो सुरू झाली होती, म्हणून कॅमेरा मीच उचलला. पुढे नंदलालभाऊंनी तीन डीव्हीडींचा सेट केला. एक सेट आपल्याला, एक तुझ्या सासरी. पहिल्या डिस्कमध्ये हळद आणि मांडव, दुसरीत लग्न, तिसरीत जेवणं आणि बिदाई. चित्र इतकं स्वच्छ होतं की बाबूजींच्या धोतराच्या किनारीचे धागे मोजता यावेत.

सतरा सालच्या पावसाळ्यात गावातल्या लोकांच्या डिस्का अटकायला लागल्या. कुणाची अर्ध्यात थांबे, कुणाच्या कडेचा चकचकीत थर सुटू लागला होता. मी बोर्डच लावला, जुन्या डीव्हीडीची नवी कॉपी करून मिळेल. त्या पावसाळ्यात मी दीडशेवर लग्नं उतरवली. कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम होता, त्यात तीन डिस्का घातल्या की तो त्या एकीत बसवून द्यायचा. जागा तेवढीच, माल तिप्पट, मग तो चित्र दाबतो. पडद्यावर एक पट्टी यायची, मूळ चित्रातलं किती उरणार ते दाखवणारी. हिरवी असली की बरं, पिवळी असली की सांभाळून, लाल असली की करू नका. तुझ्या लग्नाला पट्टी लाल आली होती. तेहतीस टक्के. मी तीन वेगळ्या डिस्का करू शकत होतो, तेवढा वेळही होता. पण लोकांची एकाच डिस्कवर करून दिली होती, घरच्याचे लाड कशाला, असं म्हणून बटण दाबलं.

दाबलेलं चित्र लगेच वाईट दिसत नाही, रेणू, हीच त्यातली फसवणूक आहे. हा प्रोग्राम काय करतो, तर एक चित्र पुरं ठेवतो आणि पुढच्या चित्रांमध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहून ठेवतो. जागा कमी पडली की जिथे जास्त हालचाल आहे तिथेच तो हात आखडता घेतो, कारण हलत्या गोष्टीतला बारकावा माणसाच्या डोळ्याला लवकर कळत नाही. म्हणून भिंत स्वच्छ राहते, मांडवाचे खांब स्वच्छ राहतात, खुर्चीत बसून राहिलेले मामा स्वच्छ राहतात. नाचणाऱ्यांचे पाय, उडणाऱ्या अक्षता, हलणारे हात यांचा चिखल होतो. त्यात संध्याकाळचा उजेड असला की आणखीच. आणि मग ती दाबलेली कॉपी मी मोबाइलवर तुला पाठवली, तेव्हा मोबाइलने ती पुन्हा एकदा दाबली. एकदा गेलेलं परत येत नाही, दुसऱ्यांदा दाबलं की उरलेलंही जातं. माझं हे रोजचं काम आहे. लोकांना मी हे सांगतो. फक्त एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, की आपल्या मायचं सगळं बोलणं हलण्यातच होतं.

गावाला रुख्मा मुकी माहीत होती, तिची भाषा आपल्याला माहीत होती. बाबूजी, तू आणि मी, एवढीच माणसं ती वाचणारी. बाबूजी गेले, मग आपण दोघंच उरलो. गुंजनला थोडी थोडी यायला लागली होती, पण मायचा हात भराभर चालला की ती माझ्याकडे पाहायची. वेणी खांद्यावर ओढली की तू. डोळ्यासमोर मूठ धरली की मी, कॅमेरेवाला. दोन्ही तळवे टेकवून उतार केला की घर. आणि 'जा' कसं म्हणायची ते आठव. हाताची पाठ बाहेर, बोटं सरळ, हात पुढे झटकायचा. 'परत ये' म्हणायचं असलं तरी हात आधी तसाच पुढे जायचा, पण मग बोटं एकेक करून मिटायची आणि मूठ छातीशी यायची. फरक सगळा बोटांचा. बोटं दिसली नाहीत तर 'परत ये'चं 'जा' होतं.

तू बिदाईच्या दिवशी डोक्यावरून पदर ओढून, मान खाली घालून रडत होतीस. पदराच्या आडून तुला मायचा फक्त पुढे झटकलेला हात दिसला. मागे उभ्या असलेल्या बायांनी त्याला जोड दिली, मुकीनं पोरीला कशी पाठवली पाहा, डोळ्यातून टिपूस नाही, हात झटकून मोकळी झाली. ते तू ऐकलंस. मला हे सगळं तेरवीच्या दिवशी कळलं. तू विहिरीजवळ भांडी घासत होतीस आणि मला म्हणालीस, "दादा, मायनं तं मला त्याच दिवशी हाकलून देली होती." किती सहज म्हणालीस! आणि मी काय केलं? बादली भरून दिली.

मग तुला तो तुकडा पाठवला. पाठवण्याआधी पाहिला होता. मायच्या हातांच्या जागी करड्या रंगाचे चौकोन थरथरत होते आणि शेवटी एक डाग पुढे जाऊन विरत होता. आता जे लिहितो ते लिहायला मला सर्वांत जड जातं आहे. ते पाहून मला बरं वाटलं. वाटलं, आता कुणालाच काही दिसणार नाही. तुला शंका होती, माझ्या कॉपीनं तिची खात्री करून दिली, आणि मी सुटलो म्हणून श्वास सोडला.

पण प्राचीनं विचारलं म्हटल्यावर राहवेना. दोनेक दिवसांनी मी आपल्या सेटच्या मूळ डिस्का शोधायला लागलो. माळ्यावर नाहीत, कपाटात नाहीत. मग गुंजननं आठवण करून दिली. कॉपी झाल्यावर जुन्या डिस्का मी पोत्यात भरल्या होत्या आणि शेतकरी लोक धानावरची पाखरं उडवायला मागतात म्हणून वाटून टाकल्या होत्या. आपल्या धानाच्या बांधीतही टांगल्या होत्या. टांगल्या कुणी? मायनं. तिला त्या चमचमताना फार आवडायच्या. सुतळीत ओवून, काठीला बांधून तिनंच उभ्या केल्या होत्या. मी बांधीवर गेलो. बांबूच्या बेटाजवळ एक सुतळी अजून होती आणि तिला एक डिस्क. चांदी पुरी उडालेली, आरपार दिसत होतं. दुर्गेश्वरीकाकू कापणीला आली होती, ती म्हणाली, "काय ढुंडून राहिला बाबू?" मी म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी गोंदियाला नंदलालभाऊंकडे. ते आता दुकानात बसतात, कॅमेरा मुलगा पाहतो. त्यांनी डोक्याला हात लावला. "अरे, तेव्हाच्या कॅसेटी कोण ठेवतो? एकच कॅसेट पुसून पुसून पाच-पाच लग्नं काढली आपण." खरं होतं, मीच काढली होती. मग उरला एकच सेट. तुझ्या सासरचा.

रेणू, रागावू नकोस, मी तिथे गेलो. तुला न विचारता गेलो. आमगावपर्यंत गाडीत तीनदा वाटलं की परत फिरावं. ओमेश घरी नसेल अशी वेळ पाहून, दुपारी गेलो. त्याची आई, निर्मलाबाई, अंगणात उडदाच्या शेंगा निवडत होत्या. सहा वर्षांनी मला दारात पाहून त्या उठल्याही नाहीत. "काऊन आला?" एवढंच. मी म्हटलं, लग्नाच्या डीव्हीडी पाहिजेत. "कायले?" म्हटलं, मायला पाहायचं आहे. त्या बराच वेळ सूप हलवत राहिल्या. मला वाटलं हाकलतात. मग आत गेल्या, लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि तुझ्या एका जुन्या ओढणीत बांधलेलं गाठोडं घेऊन आल्या. तिन्ही डिस्का आत, एकीलाही ऊन लागलेलं नाही. म्हणाल्या, "तिचं एवढंच राहिलं होतं माझ्यापाशी. त्याले माहीत नाई." मी पाणीही न पिता निघालो. दारापर्यंत त्या मागे आल्या आणि आणखी एक गोष्ट बोलल्या. ती शेवटी लिहितो, नाहीतर पुढचं लिहिणं जमणार नाही.

घरी आणून तिसरी डिस्क लावली. सुरुवात चांगली चालली. जेवणं आली, पंगती आल्या, बाबूजी वाढताना दिसले, आणि मग अटकली. डिस्क मधून बाहेरच्या दिशेनं भरत जाते, म्हणून शेवटचं असतं ते कडेला, आणि कडेलाच बोटं लागतात. बिदाई कडेलाच होती. मी ती काढली, मऊ कापडानं मधून बाहेर पुसली, पुन्हा लावली. पुन्हा तिथेच. ड्राइव्ह घरघर करून थांबायचा. प्रत्येक वेळी वाटे, आणखी एकदा फिरवली तर आहे तेही जाईल. न फिरवली तर कळणारच नाही. दोन दिवस मी तिला हात लावला नाही. टेबलावर ठेवून तिच्याभोवती फिरायचो. गुंजन शेवटी म्हणाली, "पाहायचं नाही म्हणूनच घाबरून राहिले का तुम्ही?" ती बरोबर बोलली होती, म्हणून मी तिच्यावर ओरडलो.

शनिवारी गोंदियाला जाऊन एका ओळखीच्याकडून तीन जुने ड्राइव्ह आणले. एक ड्राइव्ह वाचत नाही ते कधी कधी दुसरा वाचतो. पहिल्यानं नाकारली. दुसऱ्यानं तीच जागा दाखवली. तिसरा सगळ्यांत जुना, त्याचा वेग सगळ्यांत कमी ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. पाऊण तास. हायवेवरून जाणारे ट्रक मोजत होतो, मोजणी चुकत होती. आत आलो तेव्हा पडद्यावर लिहिलं होतं, पूर्ण झालं. या वेळी मी काहीच दाबलं नाही. जसं होतं तसं, एक कणही कमी न करता उचललं आहे. खोक्यात त्याच्या तीन नव्या डिस्का आहेत, एका पेनड्राइव्हवरही तेच आहे. सोबत लहान प्लेअर ठेवला आहे, वायर टीव्हीच्या मागे लाल-पांढऱ्या-पिवळ्या भोकांत लावायची. तिसऱ्या डिस्कमध्ये एक तास चार मिनिटांवर जा. रिमोटचं थांबवायचं बटण दाबत दाबत पाहा, एकेक चित्र पुढे सरकतं.

तू स्वतःच वाचशील, तुला माझी गरज नाही. तरी लिहितो, कारण हे सांगणं माझ्याकडे चौदा वर्षांपासून बाकी आहे. माय बोलेरोच्या दाराशी येते. तू आत बसली आहेस, मान खाली. ती वेणी ओढून तुला हाक मारते. तू पाहत नाहीस. पुन्हा मारते. मग ती एका तळव्यावर मूठ आपटते, म्हणजे कुणी हात उगारला तर. डोळ्यापासून गालावर बोट ओढते, म्हणजे रडायची पाळी आली तर. मग हात पुढे जातो. आणि, रेणू, बोटं मिटतात. करंगळी, मग तिच्याजवळचं, मग मधलं, मग पहिलं. साफ दिसतात, तिच्या तर्जनीवरचा विळ्याचा व्रणसुद्धा दिसतो. मूठ छातीशी येते. परत ये. मग घराचा उतार, मग पाठीमागे अंगठा, मागची खोली. मग दोन्ही तळवे दार उघडल्यासारखे बाजूला, आणि ते ती तसेच धरून ठेवते. उघडं ठेवीन. गाडी हलते. आणि मग ती थेट कॅमेऱ्यात पाहते, माझ्याकडे. मूठ डोळ्याजवळ, बोट तोंडाशी, वेणी. तू सांग तिला. तिनं पाहिलं नाही.

हे मला त्याच दिवशी कळलं होतं. कॅमेऱ्यातून डोळा काढायच्या आधी कळलं होतं. मी सांगितलं नाही. पहिल्यांदा वाटलं, नवरीला निघतानाच परत ये म्हणणं अशुभ. मग बाबूजी म्हणाले, लेकीचं घर आता तिकडेच, ते मला सोयीचं वाटलं. तू आखाडीच्या सणाला आलीस, दिवाळीला आलीस, ओमेश दर वेळी सोबत, आणि तू मायकडे पाहणंच सोडलं होतंस. दुसऱ्या घरात रुसलेली मुलगी बोलत नाही, आपल्या घरात रुसलेली मुलगी पाहत नाही. तू पाहिलं नाहीस तर ती बोलणार कशी? ती तुझ्याकडे पाहून पाहून माझ्याकडे वळायची आणि विचारायची, सांगितलंस ना? मी अंगठा वर करायचो. दर वेळी. मग मागच्या खोलीत मी कॉम्प्युटर मांडला, एडिटिंगची खोली केली. तिनं दारात उभं राहून वेणी ओढली, ही तिची आहे म्हणून, आणि मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. एकोणीस साली तू प्राचीला घेऊन ते घर सोडलंस आणि इथे न येता सरळ नागपूरला भाड्याच्या खोलीत गेलीस, तेव्हा माय पंधरा दिवस ओट्यावर बसून होती. तिला वाटत होतं, हिला माहीत आहे, तरी ही येत नाही. मला विचारलं, का? मी सांगितलं, प्राचीची शाळा तिकडे आहे. म्हणजे तुला वाटत राहिलं की मायनं टाकलं, आणि मायला वाटत राहिलं की तू टाकलंस, आणि मध्ये मी बसलो होतो, दोघींची भाषा जाणणारा. माफी मागायला हे पत्र लिहीत नाही. माफी मागून मला हलकं वाटेल, तुझ्या हाती काय येईल?

लिहायचं कारण निर्मलाबाई दारात जे बोलल्या ते आहे. त्या म्हणाल्या, "तो रविवारी तिले आणाले चालला. दवाखाना बंद पडला, तिची नोकरी गेली, आता येतो म्हणाली म्हंते. सुधरला म्हणून सांगत फिरून राहिला. मी तं त्याच्याच घरात राहून राहिली, मले नाई दिसला सुधरलेला. माझं नाव नोको सांगजो." मी त्यांचं नाव सांगून टाकलं, ते माझ्यावर असू दे. तुझी नोकरी गेल्याचं मला तुझ्या सासूकडून कळावं, यात चूक तुझी नाही. तू जायला हो म्हणालीस ते ओमेशवर भरवसा बसला म्हणून असेल तर मी काय बोलू? पण माहेर नाहीच, मायनंच हात झटकला होता, मग जायचं कुठे, असं धरून हो म्हणाली असशील, तर ते धरलेलं माझ्या दाबलेल्या कॉपीतलं आहे, खरं नाही. काल मी आणि गुंजननं मागची खोली रिकामी केली. कॉम्प्युटर हायवेवरच्या भाड्याच्या गाळ्यात गेला. खोलीत एक पलंग आहे, प्राचीसाठी टेबल आहे, इथल्या शाळेत मी विचारून आलो आहे, वर्षाच्या मध्येही घेतात. रविवारी सकाळी पहिल्या गाडीनं मी नागपूरला येतो, ओमेशच्या आधी, आणि तुझ्या दाराबाहेर बसतो. आत बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर बसून राहीन. तू इकडे ये, तिकडे जा, नागपुरातच राहा, सामान मी उचलीन. फक्त त्याआधी तिसरी डिस्क लाव, आणि या वेळी मान वर करून पाहा.

तुझाच, निरोप पोचवायला चौदा वर्षं लावणारा,
हेमराजदादा